जाणाऱ्या अध्यक्षांची तालीम

ॲम्ब्रोज प्लाउडन ‘निघतो’ म्हणाला की त्याची बायको बर्नाडिन अंगात घातलेला कोट काढून पुन्हा खुर्चीवर बसत असे. तिला अनुभव होता. निघतो म्हटल्यावर तो आधी यजमानांच्या तब्येतीची चौकशी करी, मग यजमानांच्या भावाच्या तब्येतीची. दारापर्यंत गेल्यावर त्याला एखादी जुनी गोष्ट आठवे. पायऱ्या उतरल्यावर टोपी आत राहिल्याचे लक्षात येई, आणि टोपीसाठी परत आलेल्या माणसाने तसेच कसे जायचे म्हणून तो केकचा आणखी एक तुकडा खाई. आमच्या गल्लीत असे म्हणत की ॲम्ब्रोजला रात्री जेवायला बोलावू नये, दुपारी बोलवावे. म्हणजे तो रात्रीचे जेवून तरी जातो.

माणूस मात्र लाखातला. जन्म दक्षिण मेरीलँडमधल्या तंबाखूच्या शेतावर, भावंडांत सर्वांत दांडगा. तिथल्या चर्चच्या बँडमध्ये फादरांनी सर्वांत मोठ्या मुलाला सर्वांत मोठे वाद्य दिले, म्हणून त्याच्या वाट्याला ट्यूबा हा पितळी भोंगा आला. त्या ट्यूबाने त्याला सैन्याच्या बँडमध्ये नेले आणि तिथून वॉशिंग्टनला आणले. शहरातल्या ब्रुकलंड भागात आमच्या समोरच्या घरात हे जोडपे राहायला आले तेव्हा माझे यजमान हयात होते. पहिल्याच रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर तो ‘पाच मिनिटे’ म्हणून आत आला. मी संध्याकाळी दिवे लावले तेव्हा तो माझ्या यजमानांना पितळ कसे घासावे हे सांगत होता.

दर चार वर्षांनी जानेवारीत नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी होतो, आणि ॲम्ब्रोज कॅपिटॉलच्या पायऱ्यांखाली थंडीत बसून ट्यूबा वाजवतो.

“शपथा मी सगळ्या ऐकल्या, मिस ऑगस्टा, पण पाहिली एकही नाही,” तो मला म्हणे (आमच्याकडे थोरल्या बाईला, लग्न झालेले असले तरी, मिसच म्हणतात). “मंच आमच्या पाठीशी. डोळ्यांसमोर फक्त बँडमास्तरांची काठी. जुने अध्यक्ष आले की सलामीची धून वाजवायची. मग भाषण, प्रार्थना, शपथ. झाली शपथ की पुन्हा तीच धून. धून तीच, फुंकर तीच, मधल्यामध्ये माणूस बदललेला. ना भांडण, ना आरडाओरडा. मला तर दर वेळी वाटतं, एवढं सोपं कसं असेल?”

त्याला ते सोपे वाटत नव्हते यात नवल नाही.

आमच्या गल्लीचे एक मंडळ आहे. उन्हाळ्यात रस्ता बंद करून सहभोजन, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेले मासे, कुणी आजारी पडले तर घरोघरून आळीपाळीने डबा. या मंडळाचा अध्यक्ष कित्येक वर्षे ॲम्ब्रोजच. त्याच्याविरुद्ध सहसा कुणी उभे राहत नसे. राहिलेच तर सभा इतकी लांबत जाई की आपण उभे आहोत हे विसरून तो विरोधक घरी जाई. पण त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत थिओडोरा बोवी उभी राहिली. थिओ आमच्या गल्लीतलीच, सिटी बस चालवते, वय पस्तिशीच्या आसपास. तिचे सगळे भाषण एका वाक्याचे होते: “मी अध्यक्ष झाले तर सभा एका तासात संपेल.” चिठ्ठ्या मी मोजल्या. थिओ चांगल्या मतांनी निवडून आली.

सर्वांत आधी टाळी वाजवली ॲम्ब्रोजने. थिओला मिठी मारून त्याने सगळ्यांदेखत सांगितले, “हस्तांतर अगदी सुरळीत होईल. ही माझी जबाबदारी.”

आणि मग हस्तांतर जे सुरू झाले ते संपेचना. रोज संध्याकाळी तो थिओच्या दाराची घंटा वाजवी. एक दिवस मायक्रोफोन समजावला. एक दिवस कुणाला कुणाशेजारी बसवायचे नाही ते समजावले, त्याला दोन संध्याकाळी लागल्या. चर्चच्या तळघराच्या, शीतपेटीच्या आणि कढईच्या कपाटाच्या किल्ल्या मात्र त्याच्याच खिशात.

“किल्ल्या देतो ना,” तो म्हणे, “पण आधी कुलपांचे स्वभाव समजून घे.”

“मिस्टर प्लाउडन, मी गर्दीच्या वेळी शहराच्या मधून बस काढते. मला कुलूप उघडता येईल.”

“बसला स्टेअरिंग असतं, पोरी. तळघराच्या कुलपाला मन असतं.”

थिओने हे नाताळपर्यंत हसत घेतले. पुढे तिचे हसू कमी झाले, कारण तिचा पहिला कार्यक्रम जवळ आला होता. शपथविधीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गल्लीत घरोघरी पाहुणे असतात. दक्षिणेकडून आलेले मामेभाऊ, त्यांच्या सुना, कोचांवर झोपणारी नातवंडे. त्या सगळ्यांना मंडळातर्फे तळघरात जेवण असते. थिओने ठरवले की या वेळी मासे तळायचे नाहीत. लिंबू लावून भट्टीत भाजायचे.

आमच्या गल्लीत अध्यक्ष बदलला तर लोक जांभई देतात. मासा बदलला तर त्यांची झोप उडते. दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ॲम्ब्रोजला तर बर्नाडिनच्या म्हणण्याप्रमाणे ताप आल्यासारखे झाले होते. त्या आठवड्यात सगळे शहर मासे मागते, म्हणून धक्क्यावरच्या मासळीवाल्याला आधीच सांगून ठेवावे लागते. थिओने सांगून ठेवले होते. ॲम्ब्रोजने तिच्यामागून त्याला फोन केला: “नेहमीसारखंच कर बाबा. व्हायटिंग माशाचे पातळ तुकडे, तळायला.” मासळीवाला इतकी वर्षे हाच आवाज ऐकत आलेला. त्याने थिओची मागणी खोडली आणि ॲम्ब्रोजची लिहिली.

शनिवारी थिओला हे कळले. ती गणवेशातच माझ्या स्वयंपाकघरात आली आणि बसलीसुद्धा नाही.

“मिस ऑगस्टा, निवडणूक तुम्ही घेतलीत. मग राजीनामाही तुमच्याकडेच द्यायचा ना?”

“आधी कॉफी घे.”

“कॉफी नको. एका बसला दोन चालक असले की ती कुठं जाते ठाऊक आहे? दुकानात घुसते. मी मासळीवाल्याला परत सांगून आले आहे, भाजायचे म्हणजे भाजायचे. कबूल केलंय म्हणून जेवण घालते. पण ताटं धुऊन झाली की खुर्ची त्यांची त्यांना लखलाभ.”

ती बोलली तसे करणारी मुलगी आहे. तिच्या शब्दाखातर चार-पाच तरुण कुटुंबे मंडळात आली होती; ती गेली असती तर मागे आम्ही सात म्हाताऱ्या, शेजारचे म्हातारे मिस्टर हॉकिन्स आणि एक कढई एवढेच उरलो असतो. “जेवण होईपर्यंत कुणाला सांगू नकोस,” एवढेच मी म्हणाले.

नेमकी त्याच सुमारास ॲम्ब्रोजची निवड झाली होती. शपथविधीच्या आधीच्या एका रविवारी सगळ्या सोहळ्याची रंगीत तालीम असते. खरे मानकरी तिला येत नाहीत. त्यांच्या उंचीचे, त्यांच्या बांध्याचे सैनिक शोधून उभे करतात, त्यांच्या गळ्यात पाट्या अडकवतात, आणि ते सैनिक राष्ट्राध्यक्ष, त्यांची पत्नी, न्यायमूर्ती बनून चालतात, बसतात, हात वर करतात. बँडमधल्या ॲम्ब्रोजची उंची आणि खांदे जुळले, म्हणून त्याला एक दिवसाचा राष्ट्राध्यक्ष व्हायचा हुकूम आला. त्याने हुकूम अर्धाच वाचला आणि सगळ्या गल्लीला सांगत सुटला. बर्नाडिनने गणवेशाला दोनदा इस्त्री केली. मिस्टर हॉकिन्स समोरून जाताना सलाम ठोकू लागले. “अध्यक्षमहाराज, माझ्या दारापुढचा बर्फ कधी काढणार?”

उरलेला अर्धा हुकूम बर्नाडिनने वाचला.

“ॲम्ब्रोज, इथं ‘जाणारे’ लिहिलंय.”

“कुठं जाणारे?”

“तू जाणारा. येणारा दुसराच कुणी लेफ्टनंट आहे.”

तालमीत काय झाले ते त्याने मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितले. एरवी तो सांगेल तशी ही गोष्ट दोन संध्याकाळींची, पण मी ती इथे आखडती घेते.

रविवारी उजाडताना कडाक्याची थंडी होती. जाणाऱ्या अध्यक्षांचे काम फारच थोडे. गाडीतून यायचे, सलामीची धून होईपर्यंत उभे राहायचे, मग बसून राहायचे. दुसऱ्याची शपथ झाली की हात मिळवायचा, मागच्या बाजूच्या पायऱ्या उतरायच्या आणि हेलिकॉप्टरमध्ये बसून जायचे. तालमीवर देखरेख करायला एक मेजर बाई होत्या, हातात घड्याळ घेतलेल्या.

शपथ झाली. ॲम्ब्रोजने लेफ्टनंटशी हात मिळवला. मग न्यायमूर्तींशी. मग न्यायमूर्तींच्या पत्नीशी. मग तो पायऱ्यांकडे निघाला, थांबला, परत आला आणि लेफ्टनंटला म्हणाला, “बाळा, तिसऱ्या पायरीवर बर्फ आहे, जपून.”

“अध्यक्षमहाराज,” मेजर बाई ओरडल्या, “तालमीच्या घड्याळात बारा वाजून गेले, मुदत संपली. आता तुम्ही अध्यक्ष नाही. पुन्हा!”

पुन्हा झाले. या वेळी तो अर्ध्या पायऱ्यांवरून वळला आणि हात हलवत म्हणाला, “येतो हं!”

“येतो नाही!” मेजर बाई. “जातो! कुणी येत नाही इथं परत. पुन्हा!”

तिसऱ्यांदा त्याने कुणाला तरी मिठी मारली. चौथ्यांदा टोपी विसरली. खाली त्याच्याच बँडमधले त्याचे सोबती बसले होते. जाणारे अध्यक्ष गेल्याशिवाय त्यांना पुढचे वाजवायचे नव्हते, आणि त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. क्लॅरिनेटवाला खालून ओरडला, “प्लाउडन, लेका, निघ की! आमचं पितळ गोठलं!”

“आणि मग काय झालं, मिस ऑगस्टा,” इथे ॲम्ब्रोजने कप खाली ठेवला, “पाचव्यांदा मी गाडीतून उतरलो आणि सलामीची धून सुरू झाली. इतकी वर्षं मी ती वाजवली, पण समोर उभं राहून कान देऊन ऐकली नव्हती, त्या दिवशी पहिल्या फेरीलाही नाही. ट्यूबावर माझ्या जागी ती रुईझ होती. नवीन पोरगी. तिला एकटीला मी कधी वाजवू दिलं नव्हतं. म्हटलं, ही काय करते बघू.”

“मग?”

“छान वाजवत होती की.” त्याने खाली ठेवलेला कप बशीत फिरवला. “माझ्यापेक्षा हलकं. पण छान. चूक काढायला जागा नव्हती, मी शोधली.”

पाचव्यांदा तो पायऱ्या उतरला तो सरळ उतरला. मेजर बाईंनी घड्याळ खिशात घातले. पायऱ्यांखाली हेलिकॉप्टर नव्हते. फरशीवर पांढऱ्या पट्टीने एक गोल आखला होता आणि त्यात ‘हेलिकॉप्टर’ असे लिहिले होते. सूचना येईपर्यंत गोलात उभे राहा, असे त्याला सांगितले होते. तो उभा राहिला. पलीकडे नव्या अध्यक्षांची मिरवणूक निघाली, ढोल वाजले, घोडे गेले. गोलातल्या माणसाची कुणाला आठवण राहिली नाही. पुष्कळ वेळाने झाडूवाल्या बाई आल्या. “साहेब, तुमचं हेलिकॉप्टर जरा उचला, मला झाडायचंय,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा तो तिथून निघाला.

थंडीने बधिर झालेला ॲम्ब्रोज घरी येण्यासाठी बसमध्ये चढला. चालकाच्या जागी थिओ होती.

पुढचे मला दोघांकडून कळले, आणि दोघांचे सांगणे जुळते.

थिओ त्याच्या छातीकडे पाहत राहिली. “मिस्टर प्लाउडन, ही पाटी मला दाखवायला घातली आहे का?”

तेव्हा त्याच्या ध्यानात आले की गळ्यात अजून ‘जाणारे अध्यक्ष’ लटकते आहे.

“अहो जाणारे,” मागून एक म्हातारी कडाडली, “जायचं तर आत तरी जा, दार लागू दे! गारठलो आम्ही!”

सगळी बस हसली. ॲम्ब्रोज थिओच्या मागे दांडा धरून उभा राहिला आणि बोलायला तोंड उघडले. थिओने मान न वळवता वरच्या पाटीकडे बोट केले: बस चालू असताना चालकाशी बोलू नये. म्हणून जे काय बोलणे झाले ते लाल दिव्यांवर झाले.

पहिल्या लाल दिव्याला तो म्हणाला, “मासळीवाल्याला मी फोन केला होता.”

“ठाऊक आहे.”

दिवा हिरवा झाला. बस चालू लागली. ॲम्ब्रोजला इतका वेळ गप्प राहायची सवय नव्हती. थिओ म्हणते, त्याचा श्वास तिला इंजिनावरून ऐकू येत होता.

दुसऱ्या दिव्याला तो म्हणाला, “उद्या सकाळीच त्याला सांगतो की—”

“नको. मी कालच सांगितलंय. तुम्ही आता कुणालाच काही सांगू नका, मिस्टर प्लाउडन. एवढं एक करा.”

तिसरा दिवा आमच्या थांब्याच्या अलीकडचा, चांगला लांबलचक. ॲम्ब्रोजने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. “ही तळघराची. हिला घालताना दार जरा उचलून…”

“हिरवा झाला!” मागून तीच म्हातारी.

तो थांबला. जुडगा त्याने थिओच्या शेजारी, तिच्या जेवणाच्या डब्यावर ठेवला.

“आणि कुलपांचे स्वभाव?” थिओने विचारले.

“तुला कळतील,” तो म्हणाला आणि उतरला. थिओने आरशातून पाहिले. तो वळला नाही. तो वळतो की नाही ते बघण्यासाठी ती थांब्यावर थांबून राहिली, म्हणून बस उशिरा सुटली.

मला वाटले, सुटला प्रश्न. थिओला तसे वाटत नव्हते. “बघू या,” ती म्हणाली. “किल्ल्या देणं सोपं असतं, मिस ऑगस्टा. जिभेला कुलूप लावणं अवघड. जेवणाच्या दिवशी कळेल.”

जेवणाच्या दिवशी तळघर भरून गेले. ॲम्ब्रोज आणि बर्नाडिन पाहुण्यांसारखे भिंतीजवळच्या टेबलाशी बसले. मी मुद्दाम समोर बसले होते. भाजलेले मासे आले, लिंबाच्या चकत्या लावलेले, शेजारी कोलार्डची पालेभाजी आणि मक्याचा पाव. मिस्टर हॉकिन्सनी काट्याने मासा उलटापालटा केला.

“हा काय आंघोळ करून आलाय का? ॲम्ब्रोज! तळलेला कुठाय?”

सगळ्या माना ॲम्ब्रोजकडे. त्याचे कान लाल झाले. तोंड उघडले. बर्नाडिनने टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर हात ठेवल्याचे मला दिसले. भट्टीजवळ उभी असलेली थिओ हातातला पळा तसाच धरून बघत होती.

“मिस्टर हॉकिन्स,” ॲम्ब्रोज म्हणाला, “अध्यक्षांना विचारा. त्या तिकडे उभ्या आहेत.”

आणि त्याने मक्याच्या पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, पुढचे काही बाहेर पडू नये म्हणून.

थिओ आली. “मिस्टर हॉकिन्स, मागच्या वर्षी तळलेले खाल्ल्यावर रुग्णवाहिका कुणी बोलावली होती?”

“तू.”

“मग खा.”

हशा झाला आणि मिस्टर हॉकिन्स खाऊ लागले. खरे सांगायचे तर मासा अळणी होता. ॲम्ब्रोजने चवीतले काही न कळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने मिठाची बाटली ओढली, मीठ घातले, चाखले, पुन्हा घातले आणि एक शब्द बोलला नाही. दुसऱ्यांदा वाढूनही घेतले. जेवण झाल्यावर तो उठला, थिओला “छान झालं” म्हणाला आणि सरळ पायऱ्या चढून गेला. बर्नाडिन अजून गोड खात होती.

ताटे धुतली. थिओने ती पुसून कपाटात लावली, कुलूप घातले आणि राजीनाम्याचा विषय न काढता घरी गेली. मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शपथविधी. ॲम्ब्रोज पहाटेच आपला ट्यूबा घेऊन गेला. थिओची पाळी संध्याकाळची होती, म्हणून ती आणि मी बर्नाडिनच्या बैठकीत टीव्हीसमोर बसलो. शपथ झाली, तोफा झाल्या, सलामीची धून झाली. बर्नाडिन पडद्यावर बोट ठेवून “ही चमक दिसते ना, तो आमचा ट्यूबा,” असे दर दोन मिनिटांनी सांगत होती. मग जुने अध्यक्ष निघाले. सगळा देश नव्याकडे बघत असेल. आम्ही तिघी जुन्याकडे बघत होतो. त्यांनी हात मिळवला. दोन पायऱ्या उतरले आणि परत वर आले. कुणाला तरी मिठी मारली. पुन्हा उतरले, वळले, हात हलवला.

“तालमीला यांनाच पाठवायला हवं होतं,” थिओ म्हणाली.

“निघ की रे बाबा!” बर्नाडिन पडद्यावर ओरडली. “माझा नवरा गारठलाय तिथं!”

मला आता राहवेना. “थिओ, ताटं तर धुऊन झाली. खुर्चीचं काय?”

“खुर्चीचं?” तिने खिशातला जुडगा काढून मांडीवर ठेवला. “तिचं काय व्हायचंय? आहे तिथं आहे. मी आपली उपवासकाळाच्या पहिल्या शुक्रवारची काळजी करतेय. लोकांना तळलेलाच हवा, ते काल कळलं मला. तळणारा हवाय. एक माजी आहेत, हात चांगला आहे म्हणतात. पण हल्ली बोलावल्याशिवाय येत नाहीत.”

“मग बोलाव.”

“बोलावते. पण अट घालून. मासे संपले की कढई खाली, आणि माणूस घरी.”

टीव्हीवर जुने अध्यक्ष हेलिकॉप्टरच्या दारात उभे राहून अजून हात हलवत होते. बर्नाडिनने त्यांच्यावरची नजर काढली नाही.

“लेखी घे, पोरी,” ती म्हणाली. “लेखी घे.”